सापडल्याची खबर

परभणीच्या बाजारात टिकल्यांची पाकिटं डझनाने घेणारी संख्याशास्त्राची प्राध्यापिका मी एकच पाहिली. त्या म्हणजे आमच्या डहाळे मॅडम. स्वतः त्या मोहरीएवढी काळी टिकली लावत, तीही आठवण राहिली तर. बाकी सगळ्या टिकल्या जात त्यांच्या विभागातल्या भिंतीवर, जिल्ह्याच्या नकाशावर. मानवतला लाल, बोरीला हिरव्या, पिंगळीला जांभळ्या. लांबून पाहिलं तर जिल्ह्याला गोवर निघालाय असं वाटायचं, आणि तसं मी एकदा बोलूनही गेलो. मॅडम हसल्या नाहीत.

"बरोबर हाय सर," त्या म्हणाल्या. "मी साथच मोजायलेय. तापाची न्हाई, खबरीची."

मी मराठी शिकवतो. त्यामुळे मला कॉलेजात काही काम नसतं, अशी इतर विभागांची समजूत आहे, आणि ती फारशी चुकीची नाही. मॅडमच्या विभागात चहा चांगला व्हायचा म्हणून मी तिथे जाऊन बसायचो. त्यातून त्यांचं गणित माझ्या कानावर पडायचं. मोबाइलवर आलेली बातमी कुठल्या गावात किती वेगाने पसरते, कुठे अडते, कुठे विझते, आणि एकाच जिल्ह्यात दर दहा कोसांवर ही चाल का बदलते, हे त्यांना समीकरणात बसवायचं होतं. "मोठमोठी माणसं ह्याच्यावर लिहितेत," त्या म्हणायच्या, "पण सगळा मुलूख जसा एकच गाव हाय असं धरून लिहितेत. बोरीचा माणूस आन् मानवतचा माणूस एकसारखा बोट दाबतो का? कधीच न्हाई."

त्यांच्यासमोर बातमी सांगायची सोय नव्हती. स्टाफरूममध्ये कोणी म्हणालं, की अमक्याची बदली झाली, तर बाकीचे विचारायचे, कुठे झाली. मॅडम विचारायच्या, "तुमाला कुणी सांगितलं? कधी? आन् आता तुमी कुणाला सांगणार?" सांगणारा चिडायचा. एका सहकाऱ्याने तर मुलीचं लग्न ठरल्याचे पेढे वाटताना मॅडमना आधीच सांगून टाकलं, "पेढा घ्या, पण विचारू नका." त्यांनी पेढा घेतला आणि तरीही विचारलं.

कॉलेजच्या आवारातला कडुलिंब पडला, त्या दिवशी त्यांना जो आनंद झाला तो मी विसरणार नाही. झाड पडल्याचा नव्हे. खरी, बिनविषारी आणि अगदी ताजी बातमी हाती लागली म्हणून. त्यांचा एक नेम होता, खोटं काही सोडायचं नाही. त्यांनी ती बातमी एकाच वेळी तिघांना पाठवली: मानवतच्या एका कापूस व्यापाऱ्याला, बोरीतल्या चुलत भावाला आणि पिंगळी स्टेशनवरच्या चहावाल्याला. मग खुर्ची ओढून वाट बघत बसल्या.

मानवतची बातमी तासाभरात फिरून परत आली. वाटेत तिचे हातपाय कापले गेले होते. 'कॉलेजचं झाड पडलं' एवढीच उरली होती, कोणतं कॉलेज तेही नाही. पिंगळीची बातमी त्या वाटेने परत आलीच नाही. ती रेल्वेने गेली आणि नांदेडच्या एका प्राध्यापकाने मॅडमनाच कळवली. बोरीत मात्र सगळं शांत. चार-सहा दिवसांनी चुलत भावाच्या सासूचा फोन आला, "शकू, झाड पडलं म्हनं तुज्या कॉलेजात. तुला तर लागलं न्हाई ना? आमी आधी चार जणांना विचारून घेतलं, मग फोन लावला."

मॅडमनी कौतुकाने नकाशावर एक हिरवी टिकली लावली. त्या स्वतः बोरीच्या. "बोरीत खबर मुरते," त्या मला म्हणाल्या. "लोणच्यावानी. उशिरा तोंडाला लागते, पण मग साल-साल टिकते. मानवतची खबर सकाळी शिजती आन् संध्याकाळी नासती." आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. गावात बातमीतली तारीख गळून पडते आणि सण तेवढा टिकतो. बारा तारीख कोणी लक्षात ठेवत नाही, पोळ्याचा आदला दिवस सगळे ठेवतात. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळलेला असायचा. पुढे ह्याच अभ्यासापायी त्यांनी स्वतःला किती बोल लावला, ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

बोरीत त्यांच्या गल्लीत गणपतआबा राहायचे. मॅडम लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून बाजारला गेलेल्या. चांगला बागायतदार माणूस, पण म्हातारपणी आठवणींची गळती लागली. सगळं विसरले, एक सोडून. त्यांची थोरली बहीण, अक्का, मानवतला दिलेली. आमच्याकडे पंचमीला लेक माहेरी येते आणि तिला आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. आबा आयुष्यभर अक्काचे मुराळी होते. अक्का जाऊन कित्येक वर्षं झाली होती, पण श्रावण लागला की आबा धुतलेला सदरा घालून उंबऱ्यावर येऊन बसायचे. "अक्काला आणायचंय," म्हणायचे. सून मीरा त्यांना गोडीने घरात न्यायची.

त्या वर्षी पंचमीच्या आदल्या दिवशी मीराची नजर चुकली आणि आबा निघून गेले. तिचा फोन आला तेव्हा मी चहा पीत समोरच होतो.

मॅडमनी क्षणभर डोळे मिटले आणि मग इतक्या झपाझप कामाला लागल्या, की मला एखादी अनुभवी सुईण आठवली. घरातल्या लग्नातला आबांचा गुलाबी फेट्यातला फोटो मागवला. मजकूर लिहिला आणि भाषा बघायला माझ्यापुढे धरला. 'बोरीचे गणपतआबा, वृद्ध, विसरभोळे, पंचमीच्या आदल्या दिवशी घरातून निघाले ते परतले नाहीत. दिसल्यास त्यांच्यापाशी बसावे व खालील नंबरवर फोन करावा.' खाली त्यांचा स्वतःचा नंबर.

मी म्हटलं, "तारीख घाला मॅडम."

"तारीख गळती सर. सण राहू द्या."

"आणि 'त्यांच्यापाशी बसावे' हे काय? 'थांबवून ठेवावे' म्हणा."

"उभ्या माणसाला आबा भितेत. कुणी शेजारी बसलं की गप्पा मारायला लागतेत. मग हलत न्हाईत."

मेसेज त्यांनी बोरीला पाठवलाच नाही. बोरी विचारत बसेल, म्हणाल्या. सरळ मानवतच्या व्यापाऱ्यांकडे सोडला. दुपार कलायच्या आत फोन आला. आबा मानवतच्या बसस्टँडवर होते, शेजारी एक अडत दुकानदार बसला होता आणि दोघं अक्काच्या हातच्या पुरणाबद्दल बोलत होते. मॅडम फोन ठेवून रडल्या. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे कॉलेजने शाल-नारळ दिला, गावोगावी भाषणं झाली.

हे सगळं खरंच. पण मधल्या चार दिवसांचंही लिहायला हवं, कारण मॅडम स्वतः ते कधी गाळत नसत.

आबा घरी पोचले, तरी मेसेज धावतच होता. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "सापडल्याचं कळवलं का?" त्या नकाशासमोर उभ्या होत्या, हातात टिकल्यांचं पाकीट. जालन्याहून फोन येऊन गेला होता, मग हिंगोलीहून, मग पार अमरावतीहून. जिल्ह्याचा नकाशा अपुरा पडायला लागला होता.

"कळवते की," त्या म्हणाल्या. "चार रोज बघू. आजवर मी खबर चालती कशी तेवढंच बघितलं सर. ती मरती कुठं, ते कुणीच बघितलेलं न्हाई. आत्ताच 'सापडले' म्हनून सांगितलं तर मीच तिचा गळा दाबल्यावानी होईल."

"लोक उगाच शोधत राहतील."

"आबा तर घरी जेवायलेत. कुणाचं काय बिघडायलंय?"

मलाही ते पटलं. चार दिवसांनी त्यांनी नेमाने कळवलं, 'आबा सुखरूप घरी पोचले आहेत. आभार. शकुंतला डहाळे.' हा मेसेज पहिल्याच्या मागे काही पोचला नाही. मानवतच्या वेशीवरच बसला. मॅडमना ह्याचंही नवल वाटलं. "हरवल्याची खबर पुढं ढकलली की माणसाला पुण्य लागल्यावानी वाटतं," त्या म्हणाल्या. "सापडल्याची कोण ढकलतंय?" त्यावर त्यांनी एक लेख लिहायला घेतला. वर्षभर भाषणांत त्या हेच उदाहरण द्यायच्या आणि शेवटी पोरांकडून तीनदा वदवून घ्यायच्या, आधी तपासा, मग पाठवा. पोरं जोरात म्हणायची. त्यांचं शिकवणं असं होतं, की शिकवलेलं लोकांच्या अंगवळणी पडायचं.

पुढच्या श्रावणात, पुन्हा पंचमीच्या आदल्या दिवशी, आबा पुन्हा निघाले.

त्या दिवशी मॅडम विद्यापीठाचे पेपर तपासायला नांदेडला होत्या. तिथे मोबाइल दाराशी जमा करावा लागतो. मीराने त्यांना फोन लावलावला आणि शेवटी स्वतःच मेसेज पाठवला. शब्द जवळपास तेच, कारण तिने मॅडमचाच जुना मेसेज समोर ठेवून लिहिला. फोटो तोच, गुलाबी फेट्यातला. दुसरा चांगला फोटो घरात नव्हता. तारीख नव्हतीच. पंचमी होती.

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवरही तो आला. मिनिटभरात कोणीतरी लिहिलं, 'जुना आहे. पसरवू नका.' आणि त्याखाली मॅडमचा मागच्या वर्षीचा मेसेज डकवला, 'आबा सुखरूप घरी पोचले आहेत.' आम्ही सगळ्यांनी अंगठे वर केले. मानवतला तेच झालं, पिंगळीला तेच. बोरीच्या मंडळींनी शोधाशोध केली, पण ती बोरीच्या शिवारात, ओढ्याकाठी, विहिरींवर. वर्षभर वेशीवर बसून राहिलेल्या त्या सापडल्याच्या खबरीला त्या दिवशी पाय फुटले. संध्याकाळपर्यंत तिने सगळा जिल्हा पालथा घातला.

संध्याकाळी मॅडमच्या हाती फोन आला तो कौतुकाच्या निरोपांनी भरलेला. 'मॅडम, तुमचा जुना मेसेज कोणीतरी उगाच फिरवायलं होतं, आमी थांबवला.' 'तुमी शिकवलं तसं तपासलं.' पोरांनी हसरे चेहरे पाठवले होते. त्यांच्यामध्ये कुठेतरी मीराचे न घेतलेले फोन होते.

आबा परभणीपर्यंत नीट आले होते. मानवतची गाडी पकडायची, तर ते उलट्या दिशेच्या गाडीत बसले आणि पिंगळीला उतरले. स्टेशनवरच्या बाकड्यावर दिवसभर बसून होते. लोकांनी त्यांना पाहिलं नाही असं नाही. उलट बहुतेकांनी ओळखलं. चहावाल्याने तर चहा आणि बिस्किटं दिली, पैसे घेतले नाहीत. हा तोच चहावाला, कडुलिंबाची बातमी नांदेडला पोचवणारा. नंतर त्यानेच मॅडमना सगळं सांगितलं.

"मी म्हनलं, आबा, तुमचा फोटो लय फिरला होता की मागं. तुमी तर सापडलात."

"मग काय म्हणाले?"

"हासले. म्हनले, हो बाबा, सापडलो. आता अक्काला घिऊन जायचंय." चहावाला पुढे म्हणाला, "मला वाटलं, मानूस मजेत हाय. घरचं कुणीतरी येईल न्यायला. मी दुकान बंद करून गेलो."

त्या संध्याकाळी मॅडमची नांदेडहून येणारी गाडी पिंगळीवरूनच गेली. ती तिथे थांबत नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, खिडकीच्या कोणत्या बाजूला बसल्या होत्या त्यासकट.

घरी येऊन त्यांनी मेसेजवर मेसेज पाठवले, की आबा खरंच हरवले आहेत. कोणी विश्वास ठेवेना. एकाच बाईच्या नावाचे दोन निरोप, एक सापडल्याचा, एक हरवल्याचा. लोकांनी जास्त फिरलेला खरा मानला. मग त्या रिक्षा करून परभणीच्या बसस्टँडवर गेल्या, बाजारात गेल्या, माणसं विचारत हिंडल्या. पिंगळी त्यांच्या डोक्यात आली नाही. आबा मानवतकडे जातील, असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

सकाळी चहावाल्याला आबा बाकड्याखाली पडलेले दिसले, रात्रीच्या पावसात भिजून गार झालेले. दवाखान्यात नेलं. शुद्धीवर आले, घरीही आणलं, पण छातीत भरलेली सर्दी हटली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेले.

लेख एका नियतकालिकाने स्वीकारला होता. मॅडमनी दोन ओळींचं पत्र लिहून तो परत घेतला. मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, "मॅडम, मेसेज लोकांनी थांबवला, तारीख मीराने घातली नाही, गाडी आबांनी चुकवली. तुमचा एकटीचा काय दोष?" त्या नकाशावरच्या टिकल्या नखाने एकेक काढत होत्या. वर्षभराने गोंद कडक होतो, काही टिकल्यांबरोबर कागदही निघत होता.

"सर, दोषाचे वाटे करायला मला येतेत," त्या म्हणाल्या. "माझा तर धंदाच तो हाय. सगळ्यांचे वाटे वजा करून बघितले. चार रोज उरतेत. ते माझे एकटीचे हायत. त्याच दिवशी 'सापडले' म्हनून कळवलं असतं, तर ती खबर अमरावतीला गेलीच नसती. फोटो लोकांच्या डोळ्यांत एवढा बसलाच नसता. दुसऱ्या बारीला कुणीतरी नवा म्हनून बघितला असता."

गणित मला येत नाही, पण ते बरोबर आहे एवढं कळत होतं.

दसऱ्याच्या सुमारास त्या बोरीला गेल्या. मला सोबत चला म्हणाल्या, म्हणून गेलो. मीराच्या घरात जमिनीवर बसून त्यांनी त्या चार दिवसांचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मला वाटत होतं, मीरा म्हणेल, जाऊ द्या ताई, आबांचं वयच झालं होतं. गावाकडे असंच म्हणतात. मीरा लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत ऐकत राहिली.

"म्हंजे आमी त्यांना घरी जेवू घालायलो होतो," ती शेवटी म्हणाली, "आन् तिकडं लोक त्यांना शोधायले होते, हे तुमाला ठावं होतं."

"हो."

"बघायसाठी?"

"हो. बघायसाठी."

मीरा उठून आत गेली. चहा आणला, आमच्यापुढे ठेवला आणि पुन्हा आत गेली. आम्ही निघालो तेव्हा रीत म्हणून करंडा घेऊन बाहेर आली आणि मॅडमच्या कपाळाला कुंकू लावलं. लावताना तिने मॅडमच्या डोळ्यांकडे बघितलं नाही. त्यांनी माफी मागितली होती आणि ती मिळाली नव्हती. मला वाटतं, मीराचं बरोबर होतं. हे मी मॅडमना कधी म्हणालो नाही, पण त्यांचंही मत तेच होतं.

मॅडम निवृत्त झाल्या. विभागातला चहा बिघडला आणि माझं तिकडे जाणं सुटलं. गेल्या श्रावणात आमच्या ग्रुपवर पुन्हा तो फोटो आला. गुलाबी फेटा, पंचमीचा आदला दिवस, खाली मॅडमचा नंबर. कुठून कुठून भटकून आला होता कोण जाणे. ज्या बातमीचं मरण बघायला मॅडमनी चार दिवस थांबून पाहिलं, ती माणूस मेल्यावरही मेली नव्हती. मला राहवलं नाही, मी त्यांच्या घरी गेलो.

त्या ओसरीवर शेवग्याचा पाला निवडत बसल्या होत्या. नंबर बदलून टाका, हे मी सांगणार होतोच. त्याआधी त्याच म्हणाल्या, "घरात सगळे तेच म्हनतेत. पोरानं नवं कार्डबी आणून दिलं. पण हा नंबर गेला की मग ह्या फोटोखाली कुणीच न्हाई राहायचं."

"फोन येतात अजून?"

"पंचमीच्या आसपास येतेत."

त्या फोन करणाऱ्यांना काय सांगतात, ते मी विचारणार, तेवढ्यात फोन वाजला. मॅडमनी पाला बाजूला सारला आणि हात पदराला पुसून फोन उचलला. पलीकडचा माणूस मोठ्याने बोलत होता, मला सगळं ऐकू येत होतं. जालन्याच्या पुढच्या कुठल्याशा फाट्यावरून बोलत होता. फोटोतल्यासारखे एक आजोबा झाडाखाली बसलेत, म्हणाला. फेटा नाही, पण चेहरा तसाच वाटतो.

मला वाटलं, आता त्या सांगतील, की हा मेसेज जुना आहे, आबा आता नाहीत.

"नाव काय सांगतेत?" मॅडमनी विचारलं.

पलीकडून दुसरंच काही नाव आलं.

"असू द्या. गाव कोणतं म्हनतेत?"

गाव आजोबांना आठवत नव्हतं.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. आवाज मात्र हळू झाला, एखाद्या लेकराला समजावतात तसा. "दादा, तुमी लय बरं केलं फोन केला. आता एक करा. उभं राहू न्हका, त्यांच्यापाशी खाली बसा. कुणाला न्यायला निघालेत का, ते विचारा. मी तिथल्या पोलिसांना दुसऱ्या फोनवरून कळवते, त्यांचं माणूस येईस्तोवर तुमी उठू न्हका." मग मला खुणेने त्यांनी कोनाड्यातला दुसरा फोन मागितला आणि पहिल्यात पुन्हा म्हणाल्या, "बसलात का? बसलात ना? हां, मग बोला आता त्यांच्याशी. मी हाय इकडं."